एक ‘ळ’ जास्त

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी समीक्षक नाही. मी बी.कॉम. आहे. सिनेमाच्या कलामूल्यांवर बोलायला जे शिक्षण लागतं ते माझं झालेलं नाही, आणि ज्यांचं झालेलं आहे त्यांचं बोलणं मला कळत नाही. त्यामुळे आमचा हिशेब सरळ आहे. गेली वीस वर्षं मी अमरावतीच्या एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही या धंद्याची रीत. फरक हजाराचा असो की दहा रुपयांचा, सापडेपर्यंत शोधत बसायचं. ही खोड आता इतकी अंगात मुरली आहे की पिच्चर पाहतानाही मी फरक शोधत बसतो. सौ. म्हणते, “तुमी पडद्याकडे पाहता तेव्हासुद्धा नोटा मोजल्यासारखे पाहता.”

तर मागे एका रविवारी सकाळी रेडिओवर एक गाणं लागलं. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, “ऐका, आमच्या अकोल्याचं गाणं!” सौ. मूळची अकोल्याची. जगात जे जे चांगलं आहे ते अकोल्याचं आणि उरलेलं अमरावतीचं, अशी आमच्या घरातली वाटणी आहे. पण या वेळी तिचं म्हणणं खरं होतं. ‘अरे संसार संसार’ हा १९८१ सालचा चित्रपट, त्यातलं तिफणीचं ते गाणं कवी विठ्ठल वाघांचं, आणि वाघ सर अकोल्याचे. संगीत अनिल-अरुण यांचं. चालीबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. मराठी सिनेमातल्या शेतावरच्या गाण्यांत नायिका डोक्यावर पाटी घेऊन इतकी नाचते, की त्या पाटीतली भाकरी धन्यापर्यंत धड पोचत असेल का, अशी मला नेहमी काळजी वाटते. या गाण्यात तशी काळजी वाटत नाही. ठेकाच असा आहे की पेरणी चालली आहे, वाफसा झाला आहे आणि बैल अजून दमलेले नाहीत, हे खुर्चीवर बसल्या बसल्या समजतं.

पण त्या दिवशी पहिलाच शब्द कानाला टोचला. गाण्यातली माती ‘काळ्या’ होती. माझ्या आठवणीप्रमाणे कवितेतली माती ‘काया’ होती. मी कपाट उघडून पुस्तक काढलं. ‘काया’च होती.

कॅश कमी भरली तर खिशातून भरावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कॅश जास्त भरली तरी तो घोटाळाच धरतात, हे काउंटरच्या बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. पन्नास रुपये जास्त निघाले म्हणजे कोणाचे तरी पन्नास कमी दिले गेले आहेत, आणि तो बिचारा उद्या हेलपाटा मारणार आहे. इथं एक ‘ळ’ जास्त भरत होता. म्हणजे कोणाचा तरी एक ‘य’ कमी झाला होता. कोणाचा, ते शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. तो माझाच होता.

ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. वऱ्हाडात ‘ळ’ फारसा पिकत नाही. आम्ही शायेत जातो, केयी खातो, आणि डोये उघडे ठेवून फसतो. ‘ण’ची गोष्ट तीच; पाणी आम्ही पीत नाही, पानी पितो, आणि तहान तेवढीच भागते. मी चौथीत असताना ‘शाया’ म्हणालो म्हणून बाईंनी मला ‘शाळा’ हा शब्द पन्नास वेळा लिहून आणायची शिक्षा केली होती. मी रात्री जागून, वळणदार अक्षरात, पन्नास वेळा ‘शाळा’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वही पुढे करत म्हणालो, “बाई, शाया लिहून झाली.” पुढे मी सुधारलो. बँकेच्या मुलाखतीला गेलो तेव्हा माझा ‘ळ’ इतका ठसठशीत झाला होता, की जिथे नव्हता तिथेही येत होता.

आता निर्मात्याने ‘काया’चं ‘काळ्या’ का केलं असेल? माझा आपला अंदाज आहे. ‘काया’ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला देह आठवतो. देह आठवला की तो नश्वर असल्याचं आठवतं, आणि मग डोळ्यांपुढे तिफणीऐवजी तिरडी येते. पेरणीच्या गाण्याला हे बरं नव्हे. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. फक्त एवढंच, की त्या पुण्या-मुंबईच्या माणसाला एक शब्द नवीन शिकवण्यापेक्षा आम्हाला आमचा शब्द विसरायला लावणं सोपं पडलं.

आणि गंमत म्हणजे सिनेमाच्या धंद्यात आम्ही काही उपरे नाही. आमच्या अमरावतीत पत्ता सांगायचा तर टॉकीजच्या नावानं सांगावा लागतो. राजकमल चौक, श्याम चौक, प्रभात चौक, चित्रा चौक, सरोज चौक. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, इथे पुढाऱ्यांचे पुतळे कमी आहेत का? पुतळे भरपूर आहेत. पण रिक्षावाल्याला टॉकीजच समजते. शिवाय हिंदी सिनेमाच्या वितरणात आमच्या इलाख्याचं नाव आजही ‘सी.पी. बेरार’ आहे. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. सरकारं बदलली, राजधान्या बदलल्या, पण पिच्चरवाल्यांनी इंग्रजांच्या काळातलं आमचं खातं बंद केलं नाही. का करतील? त्या खात्यात पैसे जमा होतात. आमचं गाऱ्हाणं एवढंच, की जमेच्या बाजूला आम्ही वऱ्हाडी म्हणून असतो आणि पडद्यावर मात्र कुठंच नसतो.

लहानपणी मला हे कळत नसे. मराठी पिच्चरमध्ये खेडं दाखवायचे. तिथला पाटील, तिथला रामोशी, तिथली मैना, सगळे ‘आरं’ आणि ‘काय रं’ करत बोलायचे. मूर्तिजापूरजवळ माझ्या मामांचं गाव आहे, तिथे मी दर उन्हाळ्यात जायचो. तिथे ‘रं’ म्हणणारा एकही माणूस नव्हता. तिथे “काहून बे?” होतं, “करून रायलो” होतं, “मले नोको” होतं. माझी अशी पक्की समजूत झाली, की खरं खेडं कुठेतरी दुसरीकडे आहे आणि मामांचं गाव हा त्याचा डुप्लिकेट.

याचं कारण मला फार उशिरा समजलं, आणि ते अगदी साधं निघालं. मराठी सिनेमाचं बारसं कोल्हापुरात झालं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली. ‘प्रभात’ १९२९ साली तिथेच निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. आता खेड्याचा सीन घ्यायचा म्हटल्यावर निर्माता काय रेल्वेनं बडनेऱ्याला येणार? स्टुडिओच्या कुंपणाबाहेर जे खेडं होतं तेच त्यानं उचललं. मग ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. १३१ आठवडे जे खेडं चालतं तेच महाराष्ट्राचं अधिकृत खेडं. त्यानंतर ज्यानं ज्यानं तमाशाचा फड उभारला, त्यानं संवादही त्याच गावचे आणले. कोणाचा कट नव्हता हो. बैलगाडीच्या चाकोरीत चाक आपोआप जातं, तसं झालं.

बरं, बोली म्हटली की प्रेक्षकाला समजत नाही, अशी जी सबब देतात तीही माझ्या हिशेबात बसत नाही. दिलीपकुमारचा ‘गंगा जमुना’ १९६१ सालचा. माझे वडील तेव्हा पोरसवदा होते. अख्खा पिच्चर पुरबी बोलीत. वऱ्हाडातल्या किती जणांनी अवध पाहिला होता? पण वडील म्हातारपणीसुद्धा त्यातले संवाद त्या हेलात म्हणून दाखवायचे आणि म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. तिथे बोली नायकाच्या तोंडी होती. तो त्याच बोलीत प्रेम करत होता, त्याच बोलीत भांडत होता आणि त्याच बोलीत मरत होता. कोणी हसलं नाही. उलट ‘शोले’मध्ये, १९७५ साली, भोपाळी बोली आली ती जगदीपच्या सूरमा भोपालीच्या तोंडी, आणि तो नुसता दिसला की टॉकीज हसायची. मीही हसलो आहे, अनेकदा. पण भोपाळच्या एखाद्या बी.कॉम. झालेल्या कारकुनाला काय वाटत असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

या ‘वऱ्हाड’ शब्दानं आमची एकदा चांगली फजितीही केली आहे. माझे सासरे नाटकाचे शौकीन. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ असा प्रयोग आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, चला, एकदाचं कोणीतरी आपल्याला लंडनला नेतंय. सगळ्या खानदानाची तिकिटं काढली. लक्ष्मण देशपांडे रंगमंचावर आले, एकट्यानं सगळी माणसं उभी केली, आम्ही पोट धरधरून हसलो. पण ते वऱ्हाड लग्नाचं होतं आणि बोली होती मराठवाड्याची. घरी येताना सासरे एवढंच म्हणाले, “माणूस लय भारी. पन आपून स्टेशनावरच रायलो.”

आता कोणी म्हणेल, हल्ली तर वऱ्हाडी ऐकू येते. येते ना. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झालं आणि आमच्याकडच्या भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी सगळ्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात नेली. नट म्हणून मला ते आवडतात. वाक्य टाकून गप्प उभं राहण्याची त्यांची जी हातोटी आहे ती शिकून येत नाही. ती आमच्याकडे पानठेल्यावर उभं राहून येते. माझं भांडण त्यांच्याशी नाही, समोर हसणाऱ्यांशी आहे. त्यांनी नुसतं “काय म्हन्ता” म्हटलं तरी लोक हसतात. आता “काय म्हणता” यात हसण्यासारखं काय आहे? विनोद वाक्यात असावा. इथे तो ‘ण’च्या ऐवजी आलेल्या ‘न’मध्ये आहे असं लोक समजतात. म्हणजे आम्ही घरी नुसतं बोललो तरी ती विनोदी एकांकिका.

हसणं कशाला म्हणतात ते माझ्या आजोबांना विचारायला पाहिजे होतं. त्यांनी गाडगेबाबांची कीर्तनं प्रत्यक्ष ऐकली होती. बाबा आमच्या जिल्ह्यातले, शेंडगावचे. बाबा बोलायचे ती हीच भाषा, आणि लोक हसायचे. पण भाषेला नाही, स्वतःला हसायचे. १९५६ साली मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बाबा समोरच्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तर देता देता माणसं आपोआप पकडली जातात. ऐकणारे मुंबईचे. कोणाला दुभाषा लागलेला दिसत नाही. ‘देवकीनंदन गोपाला’ या १९७७ सालच्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी बाबांची भूमिका केली. लागूंच्या अभिनयाबद्दल मी पामरानं काय बोलावं? ते पडद्यावर नुसते शांत उभे राहिले तरी वाटतं, आता या माणसाच्या डोक्यात काहीतरी मोठं चाललं आहे. पुढे कधीतरी तो चित्रपट दूरदर्शनवर लागला. आजोबांनी शेवटपर्यंत पाहिला, हात जोडले आणि मग म्हणाले, “मानूस मोठा हाय. पन बाबा एवढा इचार करून बोलत नव्हता. बाबा इचारे, अन् इचार आपल्याले करा लागे.” अभिनयावरची याहून नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही. आजोबा बी.कॉम.सुद्धा नव्हते.

हे सगळं आठवलं की मला आमच्या रिद्धपूरचीही आठवण येते. मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात ते ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात तिथे आकाराला आलं. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाखेतही पेढे वाटले. मीही खाल्ला. पेढा देताना शिपाई म्हणाला, “सायेब, आपली भाषा मोठी झाली म्हन्ते,” आणि शेजारचा अधिकारी त्याला म्हणाला, “म्हन्ते नाही रे, म्हणतात.”

संगीताच्या बाजूनं म्हणाल तर अमरावतीचं नाणं खणखणीत आहे. सुरेश भट आमच्या गावचे. ‘उंबरठा’साठी, १९८२ साली, त्यांनी लिहिलं, हृदयनाथांनी चाल लावली आणि लताबाई गायल्या. तिथे मी ‘ळ’ मोजत बसत नाही. गजलेची भाषा वेगळी, ती माजघरातली नाही, मैफलीतली आहे. पण तिफण मैफलीत चालत नाही, शेतात चालते.

मग ‘सैराट’ आला. २०१६. आम्ही अकोल्याला सासरी होतो. मेहुण्यानं तिकिटं आणली, तीही दुसऱ्या दिवशीची, कारण पहिल्या दिवशी टॉकीजचं दार मोडायच्या बेतात होतं. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद लावला होता, आणि पैसे कुठे गेले ते ऐकू येत होतं, जे मराठीत सहसा येत नाही. पण माझं लक्ष त्या पोरीकडे. ती करमाळ्याकडचं जे काही बोलत होती त्यात एक अक्षर उसनं नव्हतं. तीच बोली प्रेमाला, तीच शिवीला, तीच बुलेटवर बसून जायला. गल्ला शंभर कोटींच्या पुढे गेला. म्हणजे बोलीत प्रेम करता येतं आणि ते जमेतही दिसतं, हे सोलापूर जिल्ह्यानं सिद्ध केलं. आमच्याकडच्या पोरापोरींनी अजून कुठल्या पडद्यावर वऱ्हाडीत प्रेम करून गावभर नाव काढलेलं मी पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात करतात. लग्नंही होतात. मी त्यांची जॉइंट खाती उघडतो.

वऱ्हाडी नायक मी पाहिला तो ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये. सतीश मनवरांचा हा चित्रपट २००९ सालचा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली असते, म्हणून या शेतकऱ्याची बायको नवऱ्यावर पाळत ठेवते. तो कुठे गेला, काय खाल्लं, गप्प का बसला. हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो. बँकेत सही जुळवताना आम्ही वळण पाहतो, शाई पाहत नाही. गिरीश कुलकर्णींची सही जुळते. क्वचित एखाद्या ठिकाणी हेल पुण्याकडे झुकतो असं मला वाटलं. मामांना वाटलं नाही.

कारण हा पिच्चर मी मामांच्या घरी पाहिला. मीच सीडी घेऊन गेलो होतो. मोठ्या हौशीनं, की बघा, आपल्या भाषेतला आहे. त्या साली मामांचं सोयाबीन गेलं होतं, कपाशीत काही राहिलं नव्हतं आणि एका बँकेची नोटीस देवळीत ठेवलेली होती. हे मला माहीत होतं. तरी मी सीडी नेली, इतकं माझं रसिकत्व. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं, की मामा पडद्याकडे पाहताहेत आणि मामी पडद्याकडे पाहतच नाही. ती मामांकडे पाहत होती. पडद्यावरची बाई जशी पाहत होती तशीच.

पिच्चर संपला. मामांनी तंबाखू मळली. म्हणाले, “चांगला काढला. बैल बराबर हाकलते तो.” मग बराच वेळानं म्हणाले, “पन आपल्यावानी बोलनारा मानूस पिच्चरमंदी एक त लोकायले हासोते, नाहीत मरते. मधात जगत कोनी नाही काय बे?”

मामी उठून चहा टाकायला गेली.

मामा आहेत. अजूनही सोयाबीन पेरतात आणि भाव सांगायला लागले की टीव्ही बंद करतात. २०२२ च्या जूनमध्ये त्यांच्या तालुक्यातूनच जाणाऱ्या अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनेस बुकात विक्रम झाला. मी कौतुकानं त्यांना फोन केला, तर म्हणाले, “रस्ता झाला ना? मंग आता पिच्चरवाल्यायले म्हना या.”

मामांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आणि त्यात ते गाणं लागलं, तो ‘ळ’ सापडला. सोमवारी काउंटरवर बसलो तर समोर धोतर-टोपीतले एक म्हातारे बाबा. पासबुक पुढे करून म्हणाले, “सायेब, माह्या खात्यात अनुदान आलं काय, पाहून सांगता काय जरा?”

वीस वर्षं मी अशा वेळी “आपण उद्या या” म्हणत आलो आहे. स्वच्छ, शुद्ध, ‘ण’सकट. त्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक. मी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणालो, “नाही ना बावा, अजून नाही आलं. आल्याबरोबर तुमाले सांगतो. कायजी नोका करू.”

रांगेतली चार माणसं हसली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्या हसणाऱ्यांकडे पाहिलं, आणि पासबुक काचेखालून हळूच मागे ओढून घेतलं.

“कायले गरिबाची गंमत करता सायेब,” तो म्हणाला.

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. “नाही हो,” मी म्हणालो, “आपण बसा. काळजी करू नका.”

तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. जाऊन बाकावर बसला.